व्यारा ते सोनगढ, विनाकारण

"माणूस दोन पायांवर उभा राहिला आणि चालू लागला, तिथून माणसाचा इतिहास सुरू होतो. ज्या दिवशी तो चालायचं सोडेल त्या दिवशी तो इतिहास संपेल."

हे उद्गार मगननानांनी सुरतेच्या डिंडोलीतल्या आपल्या सोसायटीच्या ओट्यावर बसून काढले. ऐकायला बायको शोभाबाई होत्या, आणि त्या मेथी निवडत होत्या. उद्गार काढून झाल्यावर नानांनी आत हाक मारून मुलाला सांगितलं, "ललित, मले नाक्यापावत गाडीवर सोड रे. तंबाखू सरी गयी."

नाका ओट्यावरून दिसतो. नाक्यावरचा पानवालाही दिसतो. मनात आणलं तर तो सुपारी कातरताना किती काटकसर करतो तेसुद्धा दिसतं.

तरीही नाना बोलले ते मनापासून बोलले होते. कडोदऱ्याच्या एका मिलमध्ये ते फोल्डिंग मास्तर होते. फोल्डिंग मास्तराचं काम म्हणजे कापड रोलरवरून समोरून जात राहतं आणि मास्तर उभ्याउभ्या त्यातला डाग, भोक, सुटलेला धागा पाहतो. नानांच्या डोळ्यांसमोरून जन्मभर इतकं कापड चालत गेलं की ते अंथरलं असतं तर भुसावळ मागे पडलं असतं. पण चाललं ते कापड. नाना उभे होते. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. म्हणजे इथून पुढे बसायचं आणि घड्याळ चालताना पाहायचं. हा विचार नानांना सोसला नाही.

त्यांना व्यारा ते सोनगढ पायी जायचं होतं.

आता व्यारा आणि सोनगढच का, तर त्याला रेल्वे जबाबदार आहे. उधन्याहून नंदुरबारकडे जाणाऱ्या गाडीनं निम्मा खान्देश सुरतेला आला आणि लग्नाकार्याला, दहाव्या-तेराव्याला त्याच गाडीनं जात-येत राहिला. या सगळ्यांनी व्यारा आणि सोनगढ ही शेजारशेजारची दोन गावं इतक्यांदा पाहिली आहेत की मोजदाद नाही, पण स्टेशनावरच्या नळापलीकडे एकानंही पाय ठेवलेला नाही. दोन गावांच्या मध्ये आधी ऊस लागतो, मग तूर, मग साग. सागाच्या कडेनं एक पायवाट रुळांना धरून जाते, आत वळते, थोड्या वेळानं पुन्हा बाहेर येते. नानांनी जेव्हा जेव्हा खिडकीतून पाहिलं तेव्हा त्या वाटेवर कोणीतरी एक जण चाललेला होता. दरवेळी निराळा. कधी छत्रीवाला, कधी काखेत कोंबडी धरलेला. घाई मात्र एकालाही नव्हती.

अर्थात खिडकी नानांना फार वेळा मिळाली नव्हती. आपल्याकडे गाडीतली खिडकी ही लहान मुलं, उलटी होणारी माणसं आणि जावई यांच्या मालकीची असते. नाना यांपैकी कोणीच नव्हते. त्यांनी ती वाट बहुतेकदा कुणाच्या तरी जावयाच्या कानापलीकडून पाहिली होती.

"पन कसाले?" शोभाबाईंनी मेथी बाजूला सारून विचारलं.

"असंच."

"असंच कोन्ही जास का व्याऱ्याले?"

नानांच्या मते हाच तर मुद्दा होता. जन्मात एक गोष्ट तरी अशी करावी की जिला कारण नाही. मिलमध्ये ते लघवीला गेले तरी कारण सांगून जात.

ललितनं मोबाइलवरून बूट मागवले. "पप्पा, एकदम ट्रेकिंगवाला है. हिमालय चढी जशो." नाना ते बूट घालून पहाटे सरावाला निघाले आणि हिमालय राहू द्या, डिंडोलीच्या पुलापाशी पोहोचेपर्यंत दोन्ही टाचा सोलून निघाल्या. आता एखादा साधा माणूस बूट हातात घेऊन घरी आला असता. पण इतिहासाबद्दल बोलून गेलेल्या माणसानं बूट हातात धरून सोसायटीत शिरणं बरं दिसत नाही. नानांनी बूट भाजीच्या पिशवीत घातले, पिशवीचं तोंड आवळलं आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्यानं अनवाणी घरी आले.

या प्रतिष्ठेपायी पुढचं सगळं घडलं.

तळमजल्यावरच्या अनुसयाबाई अंगणात पाणी भरत होत्या. त्यांनी नानांच्या पायांकडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग पुन्हा पायांकडे.

"नाना, अनवानी?"

"हां. असंच."

खान्देशात पुरुषमाणूस पहाटे अनवाणी चालू लागला आणि विचारल्यावर 'असंच' म्हणाला तर त्याचा अर्थ एकच होतो. त्यानं देवीला नवस बोललेला आहे. नवस कुणाला सांगायचा नसतो. तो देवीच्या पायाशी गेल्यावरच, चार माणसांदेखत मोठ्यानं बोलायचा असतो. म्हणजे पुढं फेडायच्या वेळी आठवण द्यायला साक्षीदार राहतात. तोवर 'असंच' म्हणायचं. अनुसयाबाईंनी हंडा खाली ठेवला आणि हात जोडले. नानांना वाटलं, वयाचा मान.

अकराच्या सुमाराला सोसायटीला नवस माहीत झाला, आणि दुपारच्या जेवणाआधी नवस कशाचा तेही सोसायटीनं ठरवलं. त्यात अवघड काही नव्हतं. ललित आणि सून धनश्री यांच्या लग्नाला बऱ्यापैकी वर्षं झाली होती आणि घरात अजून पाळणा नव्हता. धनश्री कापड मार्केटात बिलिंगला जाते. सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना अंगणातल्या चार बायका तिच्याकडे पाहतात आणि मग एकमेकींकडे पाहतात, हे तिला ठाऊक होतं. घरात मात्र तिला या विषयावर कोणी एक शब्द बोललेलं नव्हतं. गेल्या वर्षी एका लग्नात कुण्या आत्याबाईंनी तोंड उघडलं तेव्हा नानांनी पंगतीतूनच सांगितलं होतं, "आमनं आमी पाही लिसूत, तुमी जिलबी ल्या." त्या दिवसापासून धनश्री सासऱ्यांच्या संध्याकाळच्या चहात लीली चा, म्हणजे आपला गवती चहा, स्वतः कुंडीतून खुडून घालत असे. इतरांच्या कपात ती पाती नसते.

त्या संध्याकाळी नानांच्या चहात पाती नव्हती.

"मामा," कप ठेवता ठेवता ती म्हणाली. ती सासऱ्यांना मामाच म्हणते. "तुम्ही पण?"

"मी काय?"

"खाली सगळ्या म्हणतायत. नवस."

"नही बेटा, तसं काही नही."

"मग अनवाणी कशाला फिरताय?"

या प्रश्नाचं खरं उत्तर पलंगाखाली भाजीच्या पिशवीत होतं. पण नानांच्या तोंडून सवयीनं जे निघायचं तेच निघालं.

"असंच."

धनश्री आत गेली. नानांनी चहा प्यायला. तो चहा म्हणून ठीक होता.

त्या चहाची चव नानांनी फार मनाला लावून घेतली. दुसऱ्या दिवशी ते अनुसयाबाईंकडे गेले आणि स्पष्ट सांगितलं की नवस वगैरे काही नाही. अनुसयाबाई म्हणाल्या, "समजनं नाना, समजनं," आणि ओठांवर बोट ठेवलं. मग नानांनी पुरावा म्हणून सगळ्यांदेखत बूट घालून अंगणाला फेरी मारली. टाचा सोललेल्या होत्याच, त्यामुळे ते लंगडत होते. यावर सोसायटीचं मत असं पडलं की नवस बोलून पायांत बूट घातले म्हणून देवीनं तिथल्या तिथं शिक्षा दिली. एक बाई घरातून हळद घेऊन आली.

त्याच दिवशी चिंधाआबा आले. चिंधाआबा सोसायटीच्या देवी मंडळाचे अध्यक्ष. चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर पायी जाणाऱ्यांची सोय तेच करतात. उरलेलं वर्ष ते चैत्राची वाट पाहण्यात घालवतात.

"एकला कसाले जातस नाना? मंडळ मरी गयं का?"

"आबा, मी नुस्ता फिराले जाई ऱ्हायनू."

"हां हां. फिराले." आबांनी डोळा मिचकावला. "सोनगढना किल्लावर देवी शे. म्हणीसनच सोनगढ, ना?"

सोनगढच्या किल्ल्यावर देवी आहे हे नानांच्या लक्षातच आलं नव्हतं. आपल्या देशात कोणत्याही दोन गावांच्या मध्ये चालायला लागलं की शेवटी डोंगरावर देवी निघते, याचा त्यांनी आधी विचार करायला हवा होता.

बॅनर दोन दिवसांत झाला. 'भव्य पदयात्रा' अशी वर मोठी अक्षरं, खाली देवी, आणि देवीच्या बरोबरीच्या आकारात नाना. फोटो निवृत्तीच्या समारंभातला होता, पेढा भरवतानाचा. त्यामुळे बॅनरभर नानांचं तोंड उघडं होतं. टेम्पो ठरला, टेम्पोवर भोंगा ठरला. भोंगा म्हटल्यावर पोलीस परवानगी आली.

चौकीतला हवालदार सज्जन होता. त्यानं पेन उघडून कारण विचारलं, "काका, यात्रा शेना माटे?"

आबा बाहेर टेम्पोवाल्याशी बोलत होते. एवढी संधी नानांनी साधली. "शेना माटेही नाही, साहेब. असंच चालायचंय."

हवालदारानं पेन मिटलं. "देखो काका, धार्मिक है तो धार्मिक लिखूँ. राजकीय है तो ऊपर पूछना पडेगा. आंदोलन है तो आप इधर ही बैठो. 'असंच' का खाना नहीं है."

तेवढ्यात आबा आत आले आणि धार्मिक म्हणाले.

निघायचा दिवस माघातला होता. पहाटेच्या गाडीनं अवघं मंडळ व्याऱ्याला उतरलं. जन्मात पहिल्यांदा नानांनी व्याऱ्याच्या स्टेशनाबाहेर पाय ठेवला, तो अनवाणी, गळ्यात हार घालून. टेम्पो रस्त्यानं पुढे आला होता. शोभाबाई डोक्यावर कळण्याच्या भाकरींचं गाठोडं घेऊन आल्या होत्या, कारण एवढी माणसं जमलीच आहेत तर उपाशी कशी ठेवायची, असं त्यांचं म्हणणं. ललितला सुट्टी मिळाली नाही. धनश्री आली, ती अनुसयाबाईंनी तिला घरात येऊन हाताला धरून आणली म्हणून. आपल्यासाठी सासरा उन्हात अनवाणी चालणार आणि सून मार्केटात बिलं फाडणार, हे सोसायटीला चाललं नसतं.

टेम्पो पायवाटेनं जाऊ शकत नाही. म्हणून पदयात्रा हायवेनं निघाली. नानांची वाट डाव्या हाताला, उसाच्या पलीकडे कुठेतरी राहिली. इकडे भोंगा वाजत होता, ट्रकवाले हॉर्न देऊन साथ करत होते. जो दमला तो टेम्पोत बसायचा, आणि दमायची पाळी थोड्याच वेळात सगळ्यांची आली. खाली चालणारे दोनच उरले. बॅनर धरायला बांधील असलेले आबा, आणि ज्यांना टेम्पोत बसायची बंदी होती ते नाना.

दोसवाड्याच्या अलीकडे नाना म्हणाले, "आबा, तुमी व्हा पुढे. मी जरा झाडाआड जाई येस."

या एका कारणाला अजून तरी कोणी साक्षीदार मागत नाही.

झाडाआड झाड होतं, त्याच्याआड आणखी एक होतं, आणि नाना जात राहिले. भोंगा मागे पडला. तुरीचं एक शेत ओलांडलं, आणि समोर ती वाट आली. खिडकीतून दिसायची तशीच. फक्त खिडकीतून तिला वास नव्हता. सागाची मोठमोठी वाळकी पानं वाटेवर पडली होती आणि त्यांच्यावर पाय ठेवला की पापड मोडल्यासारखा आवाज व्हायचा. पळसाला काळ्या कळ्या धरल्या होत्या. एक आदिवासी बाई पाटीत शेण घेऊन समोरून आली, नानांकडे पाहून न थांबता गेली. तिनं काही विचारलं नाही. नाना इतके खूश झाले की त्यांचा पाय काट्यावर पडला.

ते दगडावर बसून काटा काढत असताना मागे पानं वाजली. धनश्री होती.

"तुम्हाला वळताना पाहिलं," ती म्हणाली. "मी टेम्पोतून उतरले. अनुसयामावशी सांगत होत्या, रोज काळी गाय पाहायची. डिंडोलीत काळी गाय कुठून आणायची?" तिनं ओढणीची पिन काढली, समोर बसली आणि नानांचा पाय मांडीवर घेतला. नाना संकोचले. पण काटा खोल होता.

"मामा, खरं सांगा. माझ्यासाठी आहे का हे?"

"बेटा, बूट चावले."

"काय?"

"नवे बूट. डिंडोलीच्या पुलावर. मी पिशवीमा टाकात. अनुसयानी पाय पाह्यात."

धनश्रीनं काटा काढून पानावर ठेवला. "आणि हे सगळं? बॅनर, टेम्पो?"

"ते मंग वाढत गयं."

"मला पटलं," ती म्हणाली. "पण टेम्पोतल्या बायकांना कोण पटवणार? आज देवीपुढे तुम्ही नवस बोलणार. उद्यापासून दर महिन्याला त्या मला विचारणार, फळला का म्हणून."

दोघं उठून चालू लागले. वाट अरुंद होती, नाना पुढे आणि सून मागे. घाई कोणी केली नाही. रुळांवरून एक मालगाडी गेली. कुणीतरी खिडकीतून आपल्याला पाहावं असं नानांना फार वाटलं, पण मालगाडीला खिडक्या नसतात.

एका वळणावर जंगल खात्याचा शिपाई मोटरसायकल लावून उभा होता.

"क्यां जाओ छो?"

"सोनगढ."

"शुं काम छे?"

"काम नही. चालवा माटे."

शिपायानं नानांचे अनवाणी पाय पाहिले, गळ्यातला सुकलेला हार पाहिला, आणि मग बाजूच्या सागांकडे पाहिलं. सगळे जागेवर आहेत ना म्हणून. धनश्री पुढे झाली. ती सुरतेत वाढलेली, गुजराती शाळेत शिकलेली. "साहेब, मारा ससरा छे. एमने फक्त चालवुं छे. बीजुं कंई ज नथी."

नानांना भरून आलं. हे वाक्य त्यांच्या बाजूनं आजवर कोणी बोललं नव्हतं.

शिपाई मात्र आणखी गंभीर झाला. नुसतं चालायला जंगलात कोणी येत नाही. येतो तो साग पाहून ठेवायला येतो. साहेब येईपर्यंत दोघांनी ऑफिसात बसायचं, असं त्यानं सांगितलं. इतक्यात नानांना शोधत चिंधाआबा धापा टाकत आले. खांद्यावर गुंडाळलेला बॅनर होता. त्यांनी तो उलगडला आणि नवस गुजरातीत सांगितला.

"साहेब, मानता छे. माताजीनी मानता."

शिपायानं बॅनरवरच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं, मग खऱ्या नानांकडे. "साचुं, काका? मानता छे?"

नानांनी सुनेकडे पाहिलं. नाही म्हणावं तर तिला ऑफिसात बसवतात. त्यांनी मान हलवली.

"तो पहेलेथी कहेवुं जोईए ने." शिपायानं चपला काढून हात जोडले, आणि मोटरसायकलवरची आपली पाण्याची बाटली नानांना दिली. धनश्री नानांसाठी न थांबता आबांच्या मागोमाग हायवेकडे चालू लागली.

किल्ला चढताना नानांना पायांपेक्षा जास्त काही तरी जड झालं होतं. वर देवीपुढे मंडळ अर्धगोल करून उभं राहिलं. अनुसयाबाईंनी धनश्रीला पुढे ओढून तिचा पदर पसरायला लावला होता. ओढणी होती, पण तिला पदर मानण्यात आलं. ओटीचं तांदूळ-खोबरं ताटात तयार होतं. आबांनी नानांच्या हातात नारळ दिला.

"आते बोला नाना. मनमा जे शे ते बोला, मोठ्यानं. आमी साक्षीदार."

सगळे धनश्रीकडे पाहत होते. धनश्री जमिनीकडे पाहत होती. नानांनी देवीकडे पाहिलं, मग नारळाकडे, आणि जन्मभर कापडाचा ताका तपासताना एखादा डाग सापडल्यावर ज्या आवाजात सांगत त्या आवाजात, मागच्या माणसालाही ऐकू जाईल असं बोलले.

"माय, संध्याकायनी गाडीमा मले खिडकीजोडेनी जागा भेटू दे."

अर्धगोलातल्या सगळ्या माना धनश्रीवरून नानांकडे वळल्या.

"नाना," चिंधाआबा हळू आवाजात म्हणाले, "आमी व्याऱ्यापाईन चालत उनूत. खिडकीसाठे?"

"मनमा जे व्हतं ते बोलनू. तुमीच सांगं ना."

पुजाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्याच्याकडे लोक परदेशाचा व्हिसा मागायला येतात. त्यानं नारळ घेऊन फोडला आणि "माग्युं ते मळशे", मागितलं ते मिळेल, म्हणाला. अनुसयाबाई ओटीचं ताट धरून तशाच उभ्या होत्या. खिडकीच्या नवसाला ओटी कुणाची भरायची असते, याची त्यांना माहिती नव्हती. धनश्रीनं ओढणी सोडून खांद्यावर नीट घेतली आणि ताटातली खोबऱ्याची वाटी उचलली.

"द्या मावशी. तुकडे करते, सगळ्यांना पुरेल." बोलता बोलता तिचा आवाज हसू दाबल्यासारखा झाला, आणि तिनं तोंड भिंतीकडे केलं. शोभाबाईंनी भाकरींचं गाठोडं सोडलं.

आता राहिला नवसाचा प्रश्न. नवस लहान असो की मोठा, चार माणसांदेखत बोललेला नवस फळला नाही तर मंडळाचं नाव जातं, आणि चैत्रात वर्गणी मागायला तोंड राहत नाही. संध्याकाळी गाडी सोनगढला लागली, तेव्हा डबा थांबायच्या आधी चिंधाआबा धावत गेले आणि खिडकीतून आपला टॉवेल आत टाकला. देवी स्वतः यायची नसते. आत बसलेला जावई टॉवेल पाहून उठला, की आबांचा चेहरा पाहून, ते समजलं नाही.

नाना खिडकीशी बसले. धनश्री त्यांच्या शेजारी, तिच्या पलीकडे शोभाबाई, समोर अनुसयाबाई. गाडी हलली. नानांनी सोललेल्या टाचा एकमेकींवर ठेवल्या आणि बाहेर पाहिलं. ऊन तिरपं झालं होतं. साग लागला. वाट रुळांपाशी आली, आत वळली, पुन्हा बाहेर आली, आणि तिच्यावरून एक माणूस सायकल हातात धरून चालला होता. चाकात हवा होती. नानांनी नीट पाहून घेतलं. हवा असून तो चालत होता.

नाना त्याला पाहायला गजांकडे वाकले. तेवढ्यात त्यांच्या कोपराला कोणीतरी हळूच बोट लावलं.

"मामा," धनश्री म्हणाली, "जरा सरकता का? मलाही बघायचंय."